लतीफ, परतीचा रस्ता आपण केलाच नव्हता

लतीफ,

तुझ्या मयतीला जमलेले लोक तुझ्याबद्दल इतकं चांगलं बोलत होते की मला शंका आली, आपण चुकीच्या घरी तर आलो नाही ना. 'फार शांत माणूस,' कोणीतरी म्हणालं. शांत! समोरच्या बंगल्यातल्या कुत्र्याशी ज्याने वर्षभर भांडण चालवलं, तो शांत. 'शब्दाने शब्द वाढवला नाही कधी,' दुसरा म्हणाला. मी मान हलवली. काय करणार? तू मधे पांढऱ्या कपड्यात गप्प पडला होतास आणि तुझ्या वतीने खोडून काढायला कोणी नव्हतं.

कबरस्तानाकडे जाताना मी तुला खांदा दिला. तिथला चढ तुला माहीत आहे. अर्ध्यावर माझा दम गेला आणि माझा उजवा अंगठा आपोआप हलका गियर शोधायला लागला. मला हसू फुटलं. तुझ्या मयतीत हसलो रे मी, खांदे गदगदा हलवून. शेजारच्याला वाटलं रडतोय, त्याने पाठीवर हात ठेवला. त्या हाताने मग खरंच रडू आलं. दोघांचीही सोय झाली.

आता गर्दी ओसरली आहे. तुझ्याशी निवांत बोलता येईल. मधेच 'चूक!' म्हणून ओरडायला तू नाहीस, अशी संधी मला शाळेपासून आज पहिल्यांदा मिळते आहे.

शाळा सुटल्यावर तू जहाजावर गेलास आणि मी वडलांच्या चष्म्याच्या दुकानात. तू इंजिनखोलीत ग्रीस लावून पृथ्वी फिरत होतास, मी लोकांना 'आता स्पष्ट दिसतंय की मघाचं बरं होतं?' असं विचारत रत्नागिरीत म्हातारा होत होतो. मग तू कायमचा परत आलास, मला साखर निघाली, आणि तू दोन सायकली घेऊन दारात उभा राहिलास. त्यानंतर लगेचच इथल्या सायकलवाल्या मंडळींनी शर्यत काढली. रत्नागिरीतून निघायचं, आरे-वारेच्या समुद्रकाठच्या रस्त्याने मालगुंड गाठायचं आणि परत यायचं. पन्नाशीच्या वरच्यांचा वेगळा गट. तू मला न विचारता माझं नाव देऊन आलास आणि वर म्हणालास, 'घाबरू नको. पाय नंतर. आधी डोकं.'

तुझी ती विद्या जहाजावरची. महिनोन् महिने चारी बाजूंनी पाणी, तेव्हा तू केबिनमध्ये आडवा होऊन डोळे मिटायचास, एस्टी स्टँडवर उतरायचास आणि घरापर्यंत चालत यायचास. कोणाचं दार उघडं आहे, ओट्यावर कोण बसलंय, कुठल्या गटारीवरची फरशी हलते, सगळं बघत. 'एकदा पोचलो तर जुबेदा दारात नव्हती,' तू सांगितलंस. 'मग काय, परत स्टँडवर गेलो आणि पुन्हा चालत आलो.' हे सांगताना तू हसला नव्हतास. म्हणून मीही हसलो नाही, आणि तिथेच फसलो.

'रोज संध्याकाळी माझ्या पडवीत यायचं,' तू म्हणालास. 'डोळे मिटायचे, हात हँडलवर, आणि अख्खी शर्यत मनात मारायची. एक वळण गाळायचं नाही. त्या दिवशी शरीराला वाटलं पाहिजे, हे तर आपलं झालेलं आहे.'

'आणि खरी सायकल?'

'ती सकाळी.'

सकाळची असल्यामुळे ती माझ्याकडून बरेचदा राहून जायची. मनातली मात्र मी चुकवली नाही. तिला चढ कमी होता आणि शेवटी चहा होता.

पहिल्या संध्याकाळी आपण प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसलो, डोळे मिटून, मुठी पुढे धरून, चपला फरशीवर टेकून. जुबेदाभाभी तांदूळ पाखडायला सूप घेऊन बाहेर आल्या. जरा वेळ बघत राहिल्या. 'काय झालं? एस्टी चुकली काय दोघांची?' त्यांनी विचारलं. तू एक डोळाही उघडला नाहीस. मी शिरगावपर्यंत आलो आणि झोपलो. तू एकटाच मालगुंडला गेलास.

दुसऱ्या दिवशी मी झोपलो नाही, पण अर्ध्या वाटेत थांबलो.

'थांबलास का?' तुला माझ्या श्वासावरून कळलं.

'पंक्चर.'

तू डोळे उघडलेस. 'मनातल्या सायकलला पंक्चर?'

'मागचं चाक.'

'अरे मेल्या, रस्ता तुझा, चाक तुझं, हवा तुझी. खिळा आला कुठून?'

'ते मला काय माहीत? बसली खरी.'

'मग काढ!'

'सामान घरी राहिलं.'

तू पडवीतून उठून अंगणात गेलास आणि माडाकडे तोंड करून उभा राहिलास. असं तू जहाजावर चीफ इंजिनियरचा राग आला की करायचास म्हणे, माडाच्या जागी समुद्र असायचा.

पंक्चर सुटलं तर साखरतरच्या पुलावर सुरमई आडवी आली. मी काय करू? मला तो पूल दिसला की टोपली घेऊन बसलेली बाई दिसायची, आणि ती दिसली की मी ब्रेक लावायचो. 'मनातल्या शर्यतीत मासे घेतलेस तू?' तू ओरडलास. मग जरा थांबून हळूच विचारलंस, 'ताजी होती?'

आणि आपलं ते भांडण, जे अजून मिटलेलं नाही. मला शर्यत बाहेरून दिसायची. रस्त्याच्या कडेला कोणी कॅमेरा लावावा तशी. वळणावरून मी येतोय, वारा केसांतून जातोय. तुझं म्हणणं, हे पाप आहे. आतून बघायचं. समोर आपले दोन हात, पुढचं चाक आणि रस्ता. बाकी काही नाही.

'तुला तू दिसतोस?' तू विचारलंस.

'स्पष्ट.'

'पोट आहे?'

मी नीट बघितलं. 'नाही.'

'मग तो तू नव्हेस. दुसराच कोणीतरी शर्यत मारतोय आणि तू त्याला टाळ्या वाजवतोयस.'

हळूहळू जमायला लागलं. तू रस्ता मोठ्याने सांगायचास: 'पूल गेला. आता सुरूची झाडं. डाव्या हाताला समुद्र. आता वारेचा चढ येतो, गियर पाड. पाड लेका! मान खाली. वर बघायचं नाही.' एकदा पार्सलवाला सहीसाठी येऊन उभा राहिला. तू डोळे मिटूनच त्याला म्हणालास, 'चढात आहे, थांब.' तो बिचारा थांबला. आपण दोघं चढ चढलो, उतारावर हात सैल सोडले, मालगुंडात शिरलो, भाभींनी चहाचे कप आणून ठेवले, तेव्हा कुठे त्याची सही झाली. जाताना तो भाभींना म्हणाला, 'काकी, बरं वाटेल त्यांना. आमच्याकडे पण एक आहेत.'

मग तुला चढावर दम लागायला लागला. खऱ्या चढावर. तू सांगितलं नाहीस, भाभींनी सांगितलं. इथल्या डॉक्टरांनी तपासलं. हृदयाचा एक व्हॉल्व्ह अरुंद झालेला, शर्यत बंद, चढ बंद, कोल्हापूरला जाऊन ऑपरेशन करा. तू नाही म्हणालास. लोकांना वाटलं हट्ट आहे. मला तू खरं कारण पडवीत सांगितलंस.

'शिऱ्या, मी आयुष्यभर व्हॉल्व्ह बदलले. व्हॉल्व्ह बदलायला इंजिन बंद करावं लागतं.'

'मग?'

'मग काय? माझं बंद करतील. पण परत चालू झालं नाही तर? जहाजावर निदान दुसरं इंजिन असतं.'

इंजिनातलं मला काय कळणार? मी चष्मेवाला. मी म्हटलं, मग मीही शर्यतीत उतरत नाही, एकट्याने काय मजा. त्यावर तू असा भडकलास की कुत्रा बंगल्यात पळाला. 'तुझ्या पायांना माझा व्हॉल्व्ह लागतो काय रे?' बराच वेळ भांडण झालं. शेवटी रागाच्या भरात तूच बोलून गेलास, 'तू मालगुंडला जाऊन वेळेत परत ये. आलास, तर मी कोल्हापूरला जातो.'

'आणि नाही आलो तर?'

'तर मी इथे खुर्चीत बरा आहे.'

भाभी दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. त्यानंतर माझी सकाळची खरी सायकल कधी राहून गेली नाही.

शर्यतीच्या दिवशी तू पडवीत, मी रस्त्यावर. सुरुवातीलाच पोरासोरांपासून आजोबांपर्यंत सगळे पुढे गेले आणि मी आणि मागचा टेम्पो उरलो. हा टेम्पो थकलेल्यांना उचलायला. त्याचा ड्रायव्हर फार मायाळू माणूस. दर थोड्या वेळाने खिडकीतून म्हणायचा, 'काका, बसा की. कोण काय म्हणणार नाय.' पण ऐक, वारेचा चढ आला आणि माझे हात आपोआप गियरवर गेले. मान खाली गेली. मी वर बघितलं नाही. मी आत होतो लतीफ, बाहेर कोणी कॅमेरा नव्हता, समोर दोन हात आणि चाक. छाती फुटत होती पण आत कुठेतरी कोणी निवांत बसून म्हणत होतं, हे तर आपलं झालेलं आहे. मी न उतरता चढलो. तुझी विद्या खरी होती. हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू ते शिरगावपासून सगळ्यांना सांगत सुटला असतास.

मालगुंड आलं. तिथे वळसा घ्यायचा, स्वयंसेवकाकडून हातावर शिक्का मारून घ्यायचा आणि परत फिरायचं. मी शिक्का घेतला, आणि माझे पाय थांबले. दुखले नाहीत, गोळा आला नाही. नुसते थांबले. त्यांना वाटलं, झालं. आता चहा.

मी एका दुकानाच्या पायरीवर बसलो आणि तुला फोन लावला.

'पोचलो मालगुंडला.'

'शाबास! मग बसलास कशाला? निघ.'

'पाय ऐकत नाहीत. त्यांचं म्हणणं, शर्यत संपली.'

'अरे परत यायचंय!'

'लतीफ, परतीचा रस्ता आपण केलाय का कधी?'

मग अगदी बारीक आवाज आला, 'च्यायला.'

मागून भाभींचा आवाज, 'तरी मी म्हणत होते, यांचं रोज मालगुंडलाच कसं संपतं!'

'फोन बंद करू नको,' तू म्हणालास. 'खिशात ठेव, आवाज मोठा कर. मी डोळे मिटतो. चल, ऊठ. समुद्र आता उजवीकडे.'

आणि तू मला परत आणायला निघालास. आयुष्यात पहिल्यांदा तो रस्ता तू मनात उलटा चालवत होतास, आणि तोही मोठ्याने. माझ्या पाठीवरच्या खिशातून तुझा आवाज सगळ्या किनाऱ्याला ऐकू जात होता.

'आता उतार लागेल, सोड हात!'

'उतार कुठला, चढ आहे!'

'माझ्याकडे उतार आहे!'

'मग तू तुझ्याकडे राहा!'

टेम्पोवाला शेजारी आला. 'काका, कोणाशी बोलताय?' त्याने काळजीने विचारलं. 'बसा आता. खरंच बसा.'

वारा समोरून होता. इतक्या संध्याकाळी बसलो, पण मनात वारा घ्यायचं आपल्याला एकदाही सुचलं नव्हतं. तू सांगत होतास, मी शिव्या घालत होतो, आणि मधेच तुझा आवाज थांबायचा. तुला दम लागत होता. खुर्चीत बसून तू माझ्याबरोबर चढ चढत होतास. मी म्हटलं, तू थांब, मी येतो. तू म्हणालास, 'गप. पुलावर मासेवाली आहे, तिकडे बघू नको.' ती खरंच होती. मी बघितलं नाही.

मी वेळेत पोचलो. माझ्यामागे कोणीही नव्हतं, टेम्पो सोडून. मंडळींनी टाळ्या वाजवल्या, ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मी खिशातून फोन काढला तर तू अजून होतास, धापा टाकत. तू विचारलंस, 'पोचलो का?'

पोचलास का, असं नाही विचारलंस. पोचलो का.

'पोचलो,' मी म्हटलं. आणि तू दिलेला शब्द पाळलास.

कोल्हापूरच्या त्या खोलीत ऑपरेशनच्या सकाळी तू हिरव्या झग्यात इतका केविलवाणा दिसत होतास की मला तुझ्यावर एकही विनोद सुचेना. न्यायला माणसं येणार होती. भाभी कोपऱ्यात तसबीहचे मणी फिरवत होत्या. तू माझं मनगट धरलंस. 'शिऱ्या, या खेपेला परतीचं आधी करू.'

मग मी खुर्ची पलंगाला लावली. तू डोळे मिटलेस आणि मी सांगायला लागलो. तू बरा झालायस, गाडीत मागे टेकून बसलायस. कोल्हापूर सुटलं. मलकापूर आलं. आता आंबा घाट, खाली धुकं, तू ड्रायव्हरला सावकाश म्हणतोयस. साखरपा आलं...

'साखरप्याला चहा,' तू डोळे न उघडता म्हणालास.

'डॉक्टरांनी नको सांगितलाय.'

'मनातला आहे रे.'

तुला चहा पाजला. पाली आली. हातखंबा आला. तिथे ती माणसं आली आणि तुझा पलंग ढकलायला लागली, तर मी बाजूने चालत चालत सांगत राहिलो. घराच्या फाटकापर्यंत आणेपर्यंत ऑपरेशन थिएटरचं दार आलं. नर्स म्हणाल्या, 'काका, तुम्ही इथेच थांबा.' तू मान वळवून त्यांना म्हणालास, 'दोन मिनिटं. फाटक उघडायचं राहिलंय.' त्यांना काय कळणार? मी ओरडून म्हटलं, 'उघडलं!' मग तू आत गेलास.

संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं, इंजिन चालू झालं. त्यांनी अर्थात दुसऱ्या शब्दांत सांगितलं.

त्यानंतर तू चांगला जगलास. सपाट रस्त्यावर का होईना, भाट्याच्या पुलापर्यंत रोज सायकल मारलीस. नव्या व्हॉल्व्हच्या आवाजाबद्दल डॉक्टरांकडे तक्रार केलीस आणि त्यांना त्यात तेल कसं बसेल ते समजावलंस. गेलास त्या दिवशी तू सकाळी नमाज पढलास, चहा प्यायलास, भाभींना म्हणालास, 'जरा पडतो,' आणि पडलास तो उठलाच नाहीस. डॉक्टर म्हणाले, कळलंही नसेल. मला पटत नाही. तुला कळलं असणार. तुला सगळंच आधी कळायचं.

मला तुझा रागही येतो, हे सांगून ठेवतो. आतून की बाहेरून, हे आपलं ठरायचं होतं. शर्यतीत मी आतून होतो हे कबूल, पण कोल्हापूरला मी तुला गाडीतून येताना बघितलं ते बाहेरून, बाजूच्या काचेतून. तुझा चेहरा दिसत होता मला. आतून बघितलं असतं तर तू दिसला नसतास. हा मुद्दा बिनतोड आहे आणि तो मला तू गेल्यावर सुचला.

काल संध्याकाळी आम्ही नवराबायको, मी आणि वर्षा, तुझ्याकडे गेलो होतो. भाभी इद्दतीत आहेत, चार महिने दहा दिवस परक्या पुरुषांसमोर येत नाहीत. वर्षा आत त्यांच्याजवळ जाऊन बसली, मी बाहेर पडवीत, मधे दाराला पडदा. इकडचं तिकडचं झालं. मग पडद्यामागून भाभी म्हणाल्या, 'श्रीकांतभाऊ, ते डोळे मिटून कसं करायचं असतं? मला सांगा.'

मला आधी समजेना. 'कुठला रस्ता बघायचाय भाभी?'

'रस्ता नाय. पाणी.'

त्यांचं माहेर अंजनवेलचं, हे मला ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदाच तुम्ही दोघं खाडीपलीकडे दाभोळला त्यांच्या खालाकडे, मावशीकडे, निघाला होतात, छोट्या होडीतून. मी म्हटलं, 'ती वाट मला माहीत नाही. तुम्हीच सांगा. डोळे मिटलेत ना? आता आधी काय दिसतंय?'

'यांचा शर्ट,' त्या म्हणाल्या. 'नवा. जहाजावरनं आणलेला. कडक इस्त्री.'

'मग?'

'मग काय, बोलतायत. वल्हवणाऱ्याला सांगतायत, ही खाडी म्हणजे काय, मी अमुक समुद्र बघितलाय, तमुक समुद्र बघितलाय, लाटा माडाएवढ्या. तो आपला हो हो करतोय.' आवाज थांबला. 'आता मधे आलोय. पाणी जरा हलतंय. हे गप्प झालेत.'

'गप्प?'

'पांढरेफटक पडलेत हो. आणि...' त्यांना बोलवेना. हसत होत्या. 'आणि सगळं माझ्या नव्या ओढणीत!'

आत वर्षाही हसायला लागली. मी पडवीत एकटा हसत होतो, डोळे पुसत. लतीफ, जन्मभर समुद्रावर काढलेला माणूस तू, आणि दाभोळच्या खाडीत ओकलास? आणि शाळेपासूनच्या दोस्ताला एक शब्द सांगितला नाहीस?

'मला म्हणाले, कोणाला सांगू नको,' भाभी म्हणाल्या. 'नाय सांगितलं मी. आणि मग दमले, तर माझ्या मांडीवर डोकं ठेवून निजले. त्या वल्हवणाऱ्यासमोर. मला इतकी लाज वाटली.'

हसणं हळूहळू बसलं. मी विचारलं, 'दाभोळ आलं का भाभी?'

'नाय,' त्या म्हणाल्या. 'येऊ दे सावकाश.'